परवान्याचं हत्यार स्वतःच्या गाडीतून नेताना: निघण्याआधीपासून घरी परतेपर्यंत

परवान्याचं पिस्तूल किंवा बंदूक असलेल्या बऱ्याच जणांचा एक समज पक्का असतो. परवाना आपला, गाडी आपली, मग हत्यार गाडीत ठेवलं तर कोण काय म्हणणार? भारतीय हत्यार कायदा, म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९, असा विचार करत नाही. परवाना एका माणसाला मिळतो. तो त्यावर नोंदलेल्या हत्यारापुरता, त्यावर लिहिलेल्या क्षेत्रापुरता आणि त्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंतच चालतो. गाडी कोणाच्या नावावर आहे याला इथे काही किंमत नाही. उलट गाडीचा उल्लेख येतो तो झडतीच्या आणि जप्तीच्या कलमांत. कलम २३ नुसार कोणताही पोलीस अधिकारी वाहन थांबवून हत्यारासाठी तपासू शकतो आणि बेकायदा हत्यार सापडलं तर वाहनासकट ताब्यात घेऊ शकतो. कलम ३२ नुसार गुन्हा शाबित झाल्यावर न्यायालय ते वाहनही सरकारजमा करू शकतं.

म्हणून निघताना ‘गाडीत कुठे ठेवू?’ हा पहिला प्रश्न नसावा. हत्यार कोणाच्या ताब्यात राहणार, कुठपर्यंत जाणार आणि कशासाठी, ही उत्तरं आधी हवीत. पुढचा सगळा मजकूर महाराष्ट्रात राहणाऱ्या, स्वसंरक्षण, पीक संरक्षण किंवा नेमबाजीसाठी परवाना घेतलेल्या माणसाला समोर ठेवून लिहिला आहे.

पहिली पायरी: परवाना कपाटातून काढून नीट वाचा

परवान्याचं पुस्तक वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. नूतनीकरणाच्या वेळी बाहेर येतं आणि पुन्हा आत जातं. प्रवासाला निघण्याच्या आठवडाभर आधी ते शांतपणे वाचा.

आधी मुदत बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांसाठी मिळतो, त्याआधी तो तीन वर्षांचा असायचा. जुन्या-नव्याच्या गोंधळात तारीख निघून गेली, तर तुमच्याकडचं हत्यार विनापरवाना ठरतं आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगण्याबद्दलचं कलम ३ सह २५ लागू शकतं. त्यात किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. तिसरं हत्यार अजून घरात असेल, तर प्रवास बाजूला ठेवून आधी ते निस्तरा.

मग हत्याराचा क्रमांक परवान्यावरच्या नोंदीशी स्वतः ताडून पहा. हत्यार परवान्यांच्या राष्ट्रीय माहितीकोशातला युनिक आयडी क्रमांक, ज्याला सगळे ‘यूआयएन’ म्हणतात, परवान्यावर आहे ना, हेही बघा. जुन्या, हाताने लिहिलेल्या परवान्यांवर तो राहून गेलेला असू शकतो आणि यूआयएन नसलेला परवाना आता ग्राह्य धरत नाहीत. काडतुसं किती बाळगायची तो आकडाही परवान्यावर असतो, तो डोक्यात ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना क्षेत्राचा. काही परवाने जिल्ह्यापुरते असतात, काही राज्यापुरते, थोडे संपूर्ण भारतासाठी. ज्याच्या परवान्यावर फक्त सातारा जिल्हा लिहिलाय, त्याचं पिस्तूल पुण्याच्या हद्दीत शिरलं की परवान्याच्या अटीचा भंग होतो. कलम ३० नुसार अशा भंगाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड छोटा दिसतो, पण खरी शिक्षा वेगळीच असते. हत्यार मुद्देमाल म्हणून जमा होतं, परवाना निलंबित होतो आणि पुढची काही वर्षं तारखांना फिरण्यात जातात.

क्षेत्र वाढवून हवं असेल तर परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे कारणासह लेखी अर्ज करायचा. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक अशा आयुक्तालयांच्या हद्दीत हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्ज दिला म्हणजे परवानगी मिळाली, असं धरून कोणी निघू नये. परवान्यावर नोंद होईपर्यंत जुनं क्षेत्रच खरं.

पीक संरक्षणाच्या परवान्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कोकणात अशा बंदुका घरोघरी आहेत. रानडुकरं, माकडं आणि गव्यांपासून शेती वाचवायला आजोबांच्या काळापासून चालत आलेली ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक असते. तो परवाना शेताच्या राखणीसाठी आहे. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना दाखवायला ती बंदूक जीपमध्ये टाकून दुसऱ्या गावाला न्यायची, किंवा रात्रीच्या एकट्या प्रवासात सोबत म्हणून घ्यायची, हे परवान्याच्या हेतूतच बसत नाही. आपल्याच जिल्ह्यात असलात तरी बसत नाही.

दुसरी पायरी: नकाशावर रस्ता हत्यारासाठी वेगळा आखा

माणसाला जो रस्ता सोयीचा, तो हत्याराला चालेलच असं नाही.

राज्याची सीमा सगळ्यांना आठवते, पण ती ओलांडताना विसरते. सावंतवाडीहून बांद्यामार्गे पत्रादेवी ओलांडली की गोवा लागतो. कागलच्या पुढे गेलं की कर्नाटक. या भागातल्या लोकांचं रोजचं जाणं-येणं असल्यामुळे सीमा ही जाणवतच नाही. महाराष्ट्रापुरता परवाना मात्र तिथेच थांबतो. म्हापशाला बाजारासाठी निघालेल्या माणसाच्या कमरेला पिस्तूल असेल, तर बांद्याच्या अलीकडेच ते कायदेशीर ठिकाणी ठेवलेलं बरं.

अभयारण्याचा नियम मात्र फार थोड्यांना माहीत असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ नुसार, मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या पूर्वलेखी परवानगीशिवाय कोणालाही हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच लागू आहे. हत्यार कायद्याखालचा परवाना इथे उत्तर ठरत नाही, ही परवानगी वेगळीच घ्यावी लागते. आता महाराष्ट्राचे रस्ते आठवा. मुंबई-गोवा महामार्ग पनवेल सोडल्यावर कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जातो. कोल्हापूरहून फोंडा घाटाकडे जाताना राधानगरी-दाजीपूरचं जंगल लागतं. परतवाड्याहून धारणीला जाणारा रस्ता मेळघाटातून जातो. शिकारीचा विचारही मनात नसलेला माणूस या रस्त्यांवर हत्यारासह सापडला, तर आधी वन खात्याला उत्तर द्यावं लागेल. वन्यजीव गुन्ह्यात हत्यार आणि वाहन दोन्ही अडकतात. वाट वाकडी करून जाता येत असेल तर जा, नाहीतर हत्यार घरी ठेवा. ज्यांचं घरच अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत आहे, त्या परवानाधारकांसाठी कलम ३४ मध्ये मुख्य वन्यजीव रक्षकांकडे आपलं नाव नोंदवण्याची वेगळी तरतूद आहे. ती झाली आहे का, हे घरातल्या जुन्या कागदांत शोधून ठेवा.

त्यानंतर मनाई आदेश. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ (१) खाली सणासुदीला, मोर्चांच्या काळात, कधी तणाव असताना पंधरा-पंधरा दिवसांचे आदेश निघतात. शस्त्रं, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या बाळगायला त्यात बंदी असते. स्थानिक वर्तमानपत्रात कोपऱ्यात छोटी बातमी येते, ती वाचायची सवय लावा. जिथे जायचं आहे आणि जिथून जायचं आहे त्या जिल्ह्यांत असा आदेश आहे का, हे तिथल्या पोलीस नियंत्रण कक्षाला फोन करून विचारता येतं. परवानाधारकांना सूट आहे की नाही, हे आदेशाच्या मूळ मजकुरातच बघावं, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

निवडणूक लागली असेल तर प्रवासाचा बेत हत्याराशिवायच करा. आचारसंहिता लागली की जागोजागी स्थिर पथकं आणि भरारी पथकं गाड्या तपासतात. जिल्हाधिकाऱ्यांचे शस्त्र बाळगण्यावर मनाई करणारे आदेश निघतात आणि अनेक परवानाधारकांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जातं. सरसकट सगळ्यांनाच जमा करायला लावणं योग्य नाही, कोणाचं हत्यार जमा करायचं हे ठरवणाऱ्या छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा विचार करावा, असं मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका परवानाधारकाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. ऐन भातकापणीच्या दिवसांत राखणीची बंदूक ठाण्यात पडून राहिली की शेतकऱ्याचं किती नुकसान होतं, हे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ज्यांना खरी गरज आहे त्यांनी समितीपुढे लेखी अर्ज जरूर द्यावा. मात्र जमा करण्याची नोटीस हातात असताना हत्यार गाडीत घेऊन फिरणं, हे कोणत्याही निकालाच्या आधाराने वाचवता येणार नाही.

मुक्कामाचं ठिकाणही इथेच ठरवा. परवान्याच्या अटींनुसार खास परवानगीशिवाय हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक मेळाव्यात किंवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात नेता येत नाही. मुलीला वसतिगृहावर सोडायला निघालेला बाप, पालखी सोहळ्यात दोन मुक्काम चालणारा वारकरी, गणपतीच्या मिरवणुकीत मंडळाबरोबर जाणारा कार्यकर्ता, या तिघांनीही हत्यार घरीच ठेवायचं. लग्नाचं वऱ्हाड तर विशेष सांभाळा. आनंदाच्या भरात हवेत बार काढणं हा आता वेगळा गुन्हा आहे. हत्यार कायद्याच्या कलम २५ (९) खाली त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

तिसरी पायरी: गाडीत कोण बसणार ते ठरवा

माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. तुम्ही पुण्याला उतरता, पिस्तूल डॅशबोर्डच्या कप्प्यात राहतं आणि ड्रायव्हर गाडी घेऊन गावी परततो. किंवा सकाळी पत्नी तीच गाडी घेऊन बाजारात जाते. त्या क्षणी हत्यार विनापरवाना माणसाच्या ताब्यात आहे. कायदा ताबा बघतो, मालकी नंतर.

कलम ३ मध्ये एक सवलत आहे. परवानाधारकाच्या उपस्थितीत, किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, दुसरा माणूस हत्यार दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या वापरासाठी नेऊ शकतो. ‘मी घरी विसरलो, तू जरा घेऊन ये’ असा फोन लेखी अधिकार ठरत नाही. मुलाला पाठवायचंच असेल तर तारीख, हत्याराचा क्रमांक, कुठून कुठे आणि कशासाठी, हे सगळं असलेलं सहीचं पत्र आणि परवाना त्याच्याजवळ हवा. आणि ज्याला हत्यार बाळगण्याचा हक्क नाही अशा माणसाच्या हाती ते देणाऱ्यासाठी कलम २९ आहे. म्हणजे अडचणीत दोघंही येतात.

गाडीत नुसतं बसलेल्या पाहुण्याचं काय, असा प्रश्न नेहमी येतो. ताबा हा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात सांगितलं. मागच्या सीटवर झोपलेल्या माणसाला डिकीत काय आहे हे माहीतच नसेल, तर तो ताबा त्याचा धरता येणार नाही. पण हे सिद्ध होतं न्यायालयात, आणि तिथवर पोचायला वेळ जातो. १९७२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने याची दुसरी बाजूही मांडली आहे: वस्तू प्रत्यक्ष दुसऱ्याकडे असली तरी नियंत्रण तुमचं असेल, तर ताबा तुमचाच. सोबत येणाऱ्यांना गाडीत हत्यार आहे हे निघण्याआधीच सांगा. एखाद्याला ते नको वाटलं, तर त्याला ते म्हणायचा हक्क आहे.

चौथी पायरी: बांधणी

शस्त्र नियम २०१६ मध्ये सार्वजनिक जागी हत्यार कसं न्यायचं ते सांगितलं आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या पिशवीत हवं. लांब नळीच्या बंदुकीला तिच्यासाठीच बनवलेलं आवरण हवं. दोन्ही बाबतीत हत्यार पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि नेणाऱ्याचं त्यावर प्रत्यक्ष नियंत्रण असलं पाहिजे. काचेतून दिसेल अशी डॅशबोर्डवर ठेवलेली बंदूक या नियमाविरुद्ध जाते. सीटच्या मागे उघडी टांगलेलीसुद्धा.

स्वसंरक्षणाचं पिस्तूल असेल तर ते कमरेला, शर्टाखाली, होल्स्टरमध्ये ठेवा. दाराच्या कप्प्यात किंवा सीटखाली नको. ब्रेक लागला की सीटखालचं पिस्तूल पेडलपर्यंत सरकतं, मूल मागे बसलं असेल तर त्याच्या हाती लागतं. चेंबरमध्ये गोळी ठेवू नये, हा माझा आग्रह आहे. खाचखळग्यांच्या रस्त्यावर, सीटबेल्ट लावताना-काढताना चापावर काय येईल याचा भरवसा नसतो. दुनळी किंवा रायफल असेल तर ती रिकामी करून, उघडून, नळीत पाहून खात्री करा, मग आवरणात घालून डिकीत ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलूपबंद डब्यात ठेवावीत आणि किती घेतली ते परवान्याच्या मर्यादेशी जुळवून कागदावर लिहावं.

नेमबाजांनी स्पर्धेचं पत्र किंवा क्लबचं ओळखपत्र परवान्यासोबत ठेवावं. एअरगनबद्दल बरेच गैरसमज आहेत. ०.१७७ इंचापर्यंतच्या नळीची आणि वीस जूलपर्यंत ऊर्जेची एअरगन विनापरवाना चालते, त्यापुढची नाही. तरीही खरेदीचं बिल बरोबर घ्या, कारण एअर पिस्तूल अंधारात खऱ्यासारखंच दिसतं.

मूळ परवाना सोबत असायलाच हवा. मोबाईलमधला फोटो आणि झेरॉक्स जास्तीची सोय म्हणून असू द्या.

आणखी एक, दारू. जिथे पिण्याची शक्यता आहे तिथे हत्यार न्यायचं नाही. यावर मला चर्चा करायची नाही.

पाचवी पायरी: नाकाबंदीत

कलम १९ नुसार हत्यार बाळगणाऱ्याकडे कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. तो शिपाई आहे की निरीक्षक, याने फरक पडत नाही. दाखवता आला नाही तर नाव-पत्ता विचारून हत्यार जप्त करता येतं. नाव-पत्ता द्यायला नकार दिला किंवा तो खोटा वाटला तर वॉरंटशिवाय अटकही होऊ शकते.

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा. दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिसतील असे. काच खाली करून आधी बोला, हात नंतर हलवा. ‘साहेब, माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे, उजव्या बाजूला कमरेला आहे. परवाना समोरच्या कप्प्यात आहे. काढू का?’ एवढं पुरतं. हत्यार दाखवायला स्वतःहून कमरेकडे हात नेऊ नका, समोरच्या माणसाला तुमचा हेतू माहीत नसतो. परवाना आधी द्या. हत्यार पाहायचं असेल तर ते कसं काढायचं हे पोलिसांना सांगू द्या आणि देताना मॅगझिन काढून, नळी जमिनीकडे ठेवून द्या.

गाडी तपासायला हरकत घेऊन रस्त्यात वाद घालण्यात अर्थ नाही, कलम २३ ने तो अधिकार दिला आहे. परवाना असतानाही कलम २० लागू शकतं: हत्यार नेण्याची पद्धत किंवा परिस्थिती अशी असेल की बेकायदा वापराचा रास्त संशय यावा, तर परवाना आहे की नाही हे न पाहता अटक करता येते. भांडणाच्या ठिकाणाहून रात्री दोन वाजता पाच जण भरलेली गाडी घेऊन निघालेल्या परवानाधारकाने हे कलम लक्षात ठेवावं.

सहावी पायरी: गाडी उभी करताना

ढाब्यावर जेवायला उतरलात आणि पिस्तूल गाडीत राहिलं, तर ‘प्रत्यक्ष नियंत्रण’ संपलं. काच फोडून बॅग पळवायला चोराला अर्धं मिनिट लागतं आणि त्यानंतर तुमच्या नावावर नोंदलेलं हत्यार कोणाच्या हातात जाईल याचा विचार करवत नाही. उतराल तिथे ते तुमच्याबरोबर उतरलं पाहिजे. आणि जिथे ते बरोबर नेता येत नाही, म्हणजे न्यायालय, शाळा किंवा तपासणी असलेलं मंदिर, अशी ठिकाणं त्या दिवसाच्या वाटेवर असतील तर त्या दिवशी हत्यार न्यायचंच नाही. लांब गावी राहायचं असेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर सांभाळायला ठेवून पावती घेता येते. मुक्काम तीस दिवसांपेक्षा जास्त होणार असेल आणि हत्यार सोबत असेल, तर त्या ठिकाणच्या परवाना प्राधिकाऱ्याला तीस दिवसांच्या आत कळवावं लागतं.

विमानतळावर जाणाऱ्यांनी हत्यार किंवा काडतुसं ठेवायला वापरलेली बॅग नेऊ नये. बॅगेच्या अस्तरात राहिलेल्या एका काडतुसामुळे विमानतळावर गुन्हे दाखल होतात, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे पुढे न्यायालयात पटवावं लागतं.

हत्यार हरवलं किंवा जप्त झालं तर

चोरी किंवा गहाळ झाल्याचं लक्षात येताच जवळच्या पोलीस ठाण्यात लगेच तक्रार द्या. आपल्या गावी पोचून देऊ, असं म्हणू नका. मध्ये गेलेला प्रत्येक तास नंतर तुम्हाला समजावून सांगावा लागतो. परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्यालाही त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या.

जप्ती झाली तर पंचनाम्याची प्रत मागा. त्यात हत्याराचा क्रमांक, काडतुसांची संख्या, हत्यार गाडीत नेमकं कुठे आणि कोणाजवळ सापडलं, हे बरोबर लिहिलंय का ते सही करण्याआधी वाचा. ‘कमरेला’ आणि ‘डिकीत’ या दोन शब्दांवर पुढचा खटला उभा राहू शकतो. चुकीचं लिहिलं असेल तर शांतपणे दुरुस्ती सांगा. ती केली नाही तर त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी द्या. कलम ३ खालच्या गुन्ह्यात खटला चालवण्याआधी कलम ३९ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, ती घेतली आहे का हे वकिलाला तपासायला सांगा. परवाना निलंबित किंवा रद्द झाला तर कलम १७ खालच्या आदेशाची कारणं लेखी मागून घ्या आणि कलम १८ नुसार मुदतीत अपील करा. अपिलात आदेशाला स्थगिती मिळाली नसेल, तर अपील चालू असताना हत्यार घरी ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून त्याची पावती परवान्याच्या पुस्तकातच ठेवा.